'घरच्यासारखी' म्हणू नका, कामगार म्हणा!

महाराष्ट्राच्या इतिहासात जिचे नाव टिकून राहिले, अशी सर्वांत प्रसिद्ध घरकामगार स्त्री आमच्या परभणी जिल्ह्यातली आहे. तिचे नाव जनाबाई. गोदाकाठच्या गंगाखेडला एका शूद्र कुटुंबात तिचा जन्म झाला आणि लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या घरी कामाला राहिली, असे परंपरा सांगते. दळण, कांडण, पाणी भरणे, शेणगोवऱ्या वेचणे ही तिची कामे. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जाते ओढतो, पाणी भरतो, तिची वेणीफणी करतो. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात आणि ऐकणारे डोळे पुसतात. आम्ही मात्र वेगळा प्रश्न विचारतो. भरल्या घरात एका राबणाऱ्या बाईच्या जात्याला हात लावायला देवालाच का यावे लागले? घरातली माणसे कुठे होती?

याच जनाबाईची दुसरी कथाही सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलाच्या गळ्यातले पदक हरवले. बडव्यांनी आळ कुणावर घेतला? जनीवर. चोरी सिद्ध झाली असे मानून तिला सुळावर द्यायला नेले आणि तेथे सुळाचे पाणी झाले, असे कथा सांगते. चमत्कारावर आमचा विश्वास नाही. परंतु चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतले समाजाचे वागणे खरेच आहे. घरातली वस्तू दिसेनाशी झाली की पहिला संशय कामवालीवर जातो. सातशे वर्षांत त्यात काहीही बदललेले नाही. फरक इतकाच, की आजच्या बाईसाठी पोलीस ठाण्यात सुळाचे पाणी होत नाही.

परभणीच्या वसमत रोडने किंवा जिंतूर रोडने सकाळी सहा-सातच्या सुमारास जाऊन पाहावे. वस्त्यांमधून बाया लगबगीने निघालेल्या दिसतील. कुणी तीन घरे धरली आहेत, कुणी पाच. भांड्यांचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे, झाडू-पोछाचे वेगळे. यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत, मुसलमान आहेत, कोरडवाहू शेतीने देशोधडीला लावलेल्या मराठा आणि इतर ओबीसी बायाही आहेत. पालम, सोनपेठ, गंगाखेड, जिंतूर या तालुक्यांतून कापूसवेचणी संपली की हाताला काम नसते. कोयता उचलायचा नसेल तर शहरात येऊन धुणेभांडी करणे एवढाच मार्ग उरतो. काहींनी तर रेल्वेने थेट पुणे-मुंबई गाठली. ज्या शहरी घरांच्या दारात पितळी पाट्या चमकतात, त्या घरांचा संसार या बायांच्या हातांवर चालतो, हे कुणीही नाकारू शकणार नाही.

आता या बाईचे आणि त्या कुटुंबाचे नाते काय? मालकीणबाईंना विचारा. उत्तर ठरलेले आहे: "अहो, ती आम्हाला घरच्यासारखीच आहे." हा शब्द ऐकायला गोड आहे. आमच्या मते या संपूर्ण प्रश्नाची मेख या एका शब्दात आहे. घरच्यासारखी म्हणून तिला कामाचे तास नाहीत. घरच्यासारखी म्हणून पाहुणे आले तर दुप्पट भांडी घासली तरी जादा पैसे नाहीत. घरच्यासारखी म्हणून आठवड्याची सुटी नाही, कारण घरच्या माणसाला कसली आली सुटी? पण तिला ताप आला आणि चार दिवस येता आले नाही, की त्याच घरात खाड्याचा हिशेब होतो. घरच्या माणसाचा खाडा कुणी कापतो काय? घरच्या माणसाला चहा वेगळ्या कपात देतात काय? घरच्या माणसाला घरातला संडास वापरायला मनाई असते काय? तोच संडास ती रोज आपल्या हाताने धुते!

म्हणजे घेताना ती घरची आणि देताना ती परकी. हे नाते प्रेमाचे नाही, सोयीचे आहे.

वकिलीच्या धंद्यात या नात्याचा खरा रंग आम्हाला अधिक जवळून दिसतो. 1860 सालच्या भारतीय दंड संहितेत कलम 381 होते. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तूची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. साध्या चोरीला कलम 379 खाली तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम 381 नव्या संहितेत कलम 306 होऊन बसले आहे. म्हणजे चोर ठरवायचे असेल तेव्हा कायद्याला ही बाई 'नोकर' म्हणून बरोबर दिसते. परंतु तिने पगारवाढ मागितली, कामावरून काढल्याची दाद मागितली, तर कायदा काय म्हणतो? 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता, 2020 उघडून पाहा. त्यात 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. शिक्षेसाठी नोकर, हक्कासाठी कुणीच नाही! मनूने शूद्राला एकच कर्म सांगितले होते, वरच्या तिन्ही वर्णांची निमूट सेवा. सेवेचे कर्तव्य आहे, सेवकाचा हक्क नाही, ही तीच मनुवादी मांडणी आहे. ग्रंथ 1927 साली महाडला जाळला गेला. विचार अजून व्याख्यांत आणि स्वयंपाकघरांत शिल्लक आहे.

जातीचा प्रश्न तर घराच्या उंबरठ्यावरच उभा असतो. स्वयंपाकाला बाई हवी असेल तर आडनाव विचारले जाते, संडास-बाथरूमला हवी असेल तर विचारायची गरज पडत नाही. हे आम्ही हवेत बोलत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये पुण्यासारख्या 'सुसंस्कृत' म्हणवणाऱ्या शहरात हवामान खात्यातील एका वरिष्ठ महिला शास्त्रज्ञाने आपल्या स्वयंपाकीणबाईविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. आरोप काय? तर तिने आपली जात लपवली आणि सोवळ्याचा स्वयंपाक केला. ती बाई दलितसुद्धा नव्हती, मराठा होती! विज्ञान शिकलेल्या घरात ही अवस्था. पोलिसांनी गुन्हाही नोंदवून घेतला. पुढे राज्यभर निषेध झाला आणि तक्रार मागे घेतली गेली. मराठा बाईच्या हाताने देव बाटत असेल, तर आमच्या वस्तीतली बाई आडनाव का लपवते, हे वेगळे सांगायला नको.

उरलेसुरले अन्न देण्याची रीत हा याच नात्याचा आणखी एक पदर. रात्रीची भाजी, कडक झालेली पोळी, मुलांनी टाकलेला केक डब्यात भरून देतात आणि वर "मी तिला कधी रिकाम्या हाताने पाठवत नाही" असे सांगतात. कुणी प्रेमाने ताजे अन्न समोर बसवून वाढले तर त्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो शिळे अन्न मजुरीच्या तराजूत घालण्याला. गावगाड्यात आमच्या वाडवडिलांनी हेच भोगले. रात्रंदिवस गावाची वेठ करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची, याला 'हक्क' म्हणत. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला उष्टे-शिळे खाणे सोडा असे बजावले. 1928 साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या बेड्या तोडणारे विधेयक मांडले. 1941 साली निजामाच्या राज्याला लागून कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद घेतली. त्या सगळ्या लढ्याचे सार एकच होते: श्रमाची किंमत भाकरीत नको, रोख मजुरीत हवी आणि ती उपकार म्हणून नको, हक्क म्हणून हवी. बलुत्यातली भाकरी गेली आणि डब्यातली पोळी आली, तर आपण नेमके किती पुढे आलो?

घरकामगारांची संघटना होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याच्याही आधी, 1959 साली, घरकामगारांच्या सेवाशर्ती ठरवणारे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ते मांडणारे खासदार होते पां. ना. राजभोज, एके काळचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस. ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. पण देशाच्या संसदेत मोलकरणीचा प्रश्न मांडणाऱ्यांत आमच्या चळवळीत घडलेला माणूस होता, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

पुढे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 आला. 18 ते 60 वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी, अपघातात तातडीची मदत, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, औषधोपचार, बाळंतपणाची मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी वारसाला रक्कम, अशा तरतुदी त्यात आहेत. चांगल्या आहेत. परंतु हा कायदा कल्याणाचा आहे, मजुरीचा नाही. बाईला किती पगार द्यावा, आठवड्याला सुटी द्यावी की नाही, काढताना किती दिवसांची सूचना द्यावी, याबद्दल त्यात मालकावर काहीही बंधन नाही. शेजारच्या कर्नाटकाने 2004 साली घरकामासाठी किमान वेतन ठरवून दिले. महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा मार्ग धरला आणि मजुरीचा प्रश्न मालकीणबाईंच्या मर्जीवर सोडला. 2011 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट असावी की नाही हे तपासण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. परंतु त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा अजून झालेला नाही.

मंडळात नोंदणी तरी सगळ्यांची आहे काय? नाही. नोंदणीसाठी मालकाच्या सहीचा दाखला लागतो आणि येथेच 'घरच्यासारखी'चे सोंग गळून पडते. दाखला मागितला की साहेब म्हणतात, "उद्या तू केस करशील." मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो घरांनी या बायांना एका फोनवर घरी बसवले. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, पण ती नोंदणीकृत कामगारांनाच. कागद नाही म्हणून मदत नाही, आणि सही नाही म्हणून कागद नाही! एक सही नाकारून एका कुटुंबाच्या तोंडचा घास जातो, हे सही नाकारणाऱ्याला कळतही नाही.

आता आम्ही आमच्याच समाजबांधवांकडे वळतो, कारण त्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांच्या पुण्याईने आज आपल्यात प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, कृषी विद्यापीठात, बँकेत, जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. त्यांच्याही घरी धुण्याभांड्याला बाई येते. यात गैर काही नाही. नवरा-बायको दोघे नोकरी करतात तेव्हा मदत लागतेच. पण त्या घरात, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असलेल्या घरात, बाईचा कप वेगळा आहे काय? तिला सुटी आहे काय? तिच्या मुलीच्या शाळेची चौकशी कुणी करते काय? तिच्याबरोबर आलेली दहा-बारा वर्षांची पोर भांड्याला बसते तेव्हा कुणी हटकते काय? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 2006 सालापासून बंदी आहे, हे वकील, शिक्षक आणि अधिकारी यांनी तरी विसरू नये.

आपल्या धम्मात याविषयी संदिग्धता नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ सांगितला आहे. त्यात दास आणि कामकरी यांच्याशी मालकाने कसे वागावे याचे पाच नियम आहेत. त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात त्यांची शुश्रूषा करावी. घरात काही विशेष पदार्थ झाला तर त्यात वाटा द्यावा. योग्य वेळी सुटी द्यावी. अन्न 'आणि' वेतन, असे सुत्त सांगते. अन्नाच्या बदल्यात वेतन बुडवा असे सांगत नाही. आजारपणात खाडा कापा असेही सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले गेले, ते महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. निदान उपासक म्हणवणाऱ्यांच्या घरात तरी ते असायला नको काय?

काही भगिनी म्हणतील, "आम्हाला तरी कुठे भरमसाट पगार आहे? बाया न सांगता खाडे करतात, उचल घेऊन काम सोडतात." आम्ही हे नाकारत नाही. पण जिला हक्काची सुटी नाही ती न सांगताच सुटी घेणार. जिला बँक कर्ज देत नाही ती उचलच मागणार. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मालकीणबाई आणि कामवाली यांचे भांडण जुंपते तेव्हा घरातले पुरुष पेपर वाचत बसलेले असतात. घरकाम बाईचेच, हे एकदा ठरल्यामुळे एक बाई ते दुसऱ्या बाईवर ढकलते आणि ती आपल्या घरातले आपल्या लेकीवर ढकलते. म्हणून त्या लेकीची शाळा सुटते. एका घरची मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून दुसऱ्या घरची मुलगी चुलीपाशी बसते, ही गोष्ट समतेच्या चळवळीला शोभणारी नाही.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. शहर पेटून उठले, वस्त्यावस्त्यांतून धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला कोठडीत असताना मरण पावला. त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्यांत धुणेभांडी करणाऱ्या मायमाउल्याही होत्या. ज्या संविधानासाठी त्यांनी काठ्या झेलल्या, त्याच संविधानाच्या अनुच्छेद 23 मध्ये वेठबिगारीला मनाई आहे, अनुच्छेद 42 मध्ये कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती व प्रसूती साहाय्य आहे, अनुच्छेद 43 मध्ये निर्वाह वेतन आहे. 1982 साली एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे म्हणजे सक्तीची मजुरीच, असे सांगितले. हे संविधान पुतळ्यापाशी जपायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात अडवायचे, हे चालणार नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. घरकाम करणाऱ्या भगिनींनी सर्वप्रथम जिल्हा कामगार कार्यालयात मंडळाची नोंदणी करावी आणि दरवर्षी ती चालू ठेवावी. घरातल्या पुरुषाने हात धरला, अश्लील बोलला, तर गप्प बसू नये. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे साधारण तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते आणि लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. चोरीचा आळ आला आणि पोलिसांनी नुसत्या 'चौकशीला' ठाण्यात बोलावले, तर साक्षीदार स्त्रीचा जबाब ती राहते तेथेच घ्यावा लागतो, हे ठामपणे सांगावे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी असल्याशिवाय, स्त्रीला अटक करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आणि ज्यांच्या घरी बाई येते त्या समाजबांधवांनी कायद्याची वाट पाहू नये. पगार, कामाची यादी आणि सुटीचा दिवस एका वहीत लिहून दोघांनी सही करावी. आठवड्याला एक भरपगारी सुटी, आजारपणाची रजा, दरवर्षी पगारवाढ आणि वर्षातून एक पगार बोनस द्यावा. जुनी साडी म्हणजे बोनस नव्हे. कप एकच असावा. नोंदणीच्या दाखल्यावर न मागता सही करावी. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार या भगिनींच्या नोंदणीसाठी ठेवला, तर वकील आणि पदवीधर कार्यकर्त्यांना बसायला आम्ही तयार करू. राज्य सरकारकडे मागणी एकच असावी: घरकामाचे किमान वेतन ठरवा आणि ते मिळाले नाही तर दाद कुठे मागायची तेही सांगा.

मतांसाठी वस्तीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आता एकच प्रश्न विचारा: "तुमच्या घरी भांडी कोण घासते, तिला पगार किती आणि तिच्या दाखल्यावर तुम्ही सही केली काय?" उत्तर ऐका आणि मग मत ठरवा.